सात डिसेंबर आणि जखमी सैनिकाचा वाटा

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शाळांतून आणि सरकारी कार्यालयांतून लाल, गडद निळा आणि फिकट निळा अशा तीन पट्ट्यांचा एक छोटा कागदी ध्वज हातोहात फिरू लागतो. लाल पट्टी भूदलाची, गडद निळी नौदलाची आणि फिकट निळी हवाई दलाची. पाच-दहा रुपये देऊन तो खिशाला लावणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे पैसे सैनिकांसाठी आहेत एवढे ठाऊक असते. नेमक्या कोणत्या सैनिकांसाठी, ही चौकशी इतक्या लहान व्यवहारात कोणी करीत नाही. ती करायला हवी असे मला अलीकडे वाटू लागले आहे, कारण सशस्त्र सेना ध्वजदिनाची जी तीन उद्दिष्टे सरकार दरवर्षी सांगते, त्यांत पहिले उद्दिष्ट युद्धात कामी आलेल्यांच्या कुटुंबांचे आणि जखमी होऊन परतलेल्यांचे पुनर्वसन हे आहे. सेवेतील सैनिकांचे व त्यांच्या कुटुंबीयांचे कल्याण आणि माजी सैनिकांना पुन्हा उभे करणे ही त्यानंतरची दोन. कागदावर पहिल्या ओळीत असलेला जखमी सैनिक प्रत्यक्ष समारंभात मात्र जवळजवळ दिसतच नाही, आणि हा लेख त्याच्या या न दिसण्याबद्दल आहे.

या दिवसाचा पूर्वेतिहास फारसा सांगितला जात नाही. इंग्रजी अमदानीत ११ नोव्हेंबरला, म्हणजे पहिले महायुद्ध थांबले त्या तारखेला, हिंदुस्थानातही स्मृतिदिन पाळला जाई आणि कागदी पॉपीची फुले वाटून देणग्या गोळा केल्या जात. त्या पैशावर पहिला हक्क ब्रिटिश फौजेतील निवृत्तांचा आणि त्यांच्या कुटुंबांचा असे. हिंदी सैनिकाला त्यातून काही द्यायचे की नाही, हे सरकारच्या मर्जीवर राही. जी फौज फ्रान्सपासून मेसोपोटेमियापर्यंत सर्वत्र मरत होती, तिच्या पंगू झालेल्या माणसांना आपल्याच देशात गोळा झालेल्या निधीसाठी मर्जी सांभाळावी लागत होती. स्वातंत्र्यानंतर ही व्यवस्था मोडीत निघाली. २८ ऑगस्ट १९४९ रोजी संरक्षणमंत्र्यांनी नेमलेल्या समितीने दरवर्षी ७ डिसेंबर हा ध्वजदिन पाळण्याचे ठरवले. पुढे १९९३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने निरनिराळे कल्याण निधी एकत्र करून सशस्त्र सेना ध्वजदिन निधी उभा केला, आणि आज केंद्रीय सैनिक बोर्ड त्याचा कारभार पाहते.

महाराष्ट्रात या दिवसाची यंत्रणा महसुली वळणाची आहे. पुण्याचा सैनिक कल्याण विभाग वरच्या टोकाला, जिल्ह्याजिल्ह्यांत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये, आणि निधी संकलनाची धुरा जिल्हाधिकाऱ्यांकडे. प्रत्येक जिल्ह्याला संकलनाचे उद्दिष्ट ठरवून दिले जाते, ते खाली निरनिराळ्या खात्यांत वाटले जाते, आणि शंभर टक्क्यांहून अधिक संकलन करणाऱ्यांचा पुढच्या वर्षीच्या शुभारंभाच्या कार्यक्रमात सत्कार होतो. वीरमाता, वीरपिता आणि वीरपत्नींना साडी-शाल आणि प्रशस्तिपत्र दिले जाते, पालकमंत्र्यांचे किंवा जिल्हाधिकाऱ्यांचे भाषण होते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत आकडे येतात. या आकड्यांत किती जमले हे ठळक असते. कोणासाठी किती खर्च झाले, आपल्या जिल्ह्यात युद्धात किंवा मोहिमेत अपंग झालेले किती सैनिक राहतात, त्यांपैकी किती जणांना गेल्या वर्षभरात काय मिळाले, हे त्या बातमीत वाचल्याचे मला आठवत नाही. कर्मचारी मनापासून राबतात आणि निधी खरोखर उपयोगी पडतो, याबद्दल मला शंका नाही. पण उद्दिष्टपूर्ती हा शब्द ज्या दिवसाचा केंद्रबिंदू होतो, त्या दिवसाला महसूल वसुलीचा वास येऊ लागतो.

आता वर्षभराच्या कॅलेंडरकडे पाहावे. १५ जानेवारीचा सेना दिन हा १९४९ साली जनरल करिअप्पा यांनी ब्रिटिश सेनापतीकडून सूत्रे स्वीकारली त्याची आठवण आहे. आदल्या दिवशीचा, म्हणजे १४ जानेवारीचा माजी सैनिक दिन त्यांच्याच १९५३ मधील निवृत्तीशी जोडलेला आहे. ३० जानेवारीला सकाळी अकरा वाजता दोन मिनिटे स्तब्धता पाळली जाते, ती स्वातंत्र्यासाठी प्राण देणाऱ्यांसाठी. २६ जुलै हा कारगिल विजय दिवस आणि १६ डिसेंबर हा १९७१ च्या विजयाचा दिवस. पोलिसांचा २१ ऑक्टोबरचा स्मृतिदिन या सगळ्यांत वेगळा उठून दिसतो, कारण तो कोणत्याही विजयाला बांधलेला नाही. १९५९ साली लडाखमधील हॉट स्प्रिंग्जजवळ चिनी सैन्याच्या गोळीबारात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे दहा जवान मारले गेले, त्यांची ती आठवण आहे; आणि त्या दिवशीच्या संचलनात गेल्या वर्षभरात देशात कर्तव्यावर मृत्यू पावलेल्या पोलिसांची नावे वाचून दाखवली जातात. मला हा दिवस आपल्या सगळ्या अधिकृत स्मरणदिनांत अधिक प्रामाणिक वाटतो. त्यात जय-पराजयाचा हिशेब नाही आणि यादी दरवर्षी नवी असते.

सैन्याच्या बाबतीत आपण विजयाची तारीख निवडली आणि स्मरण तिच्या आत बसवले. त्यामुळे काही माणसे आपोआप बाहेर राहिली. कारगिलमध्ये ५२७ सैनिक कामी आले आणि १,३६३ जखमी झाले. १९७१ च्या युद्धात जवळपास चार हजार सैनिकांनी प्राण दिले आणि जखमींची संख्या त्याच्या दुपटीहून अधिक होती. या दोन्ही दिवशी पुष्पचक्रे वाहिली जातात, शौर्यगाथा सांगितल्या जातात, त्या सांगायलाच हव्यात. परंतु श्रीलंकेत १९८७ ते १९९० या काळात गेलेल्या शांतिसेनेचे अकराशेहून अधिक सैनिक परत आले नाहीत आणि कित्येक हजार जखमी होऊन आले. त्या मोहिमेचा विजय दिवस नाही, कारण सांगण्यासारखा विजयच नव्हता. संसदेवरील हल्ल्यानंतर २००१-०२ मध्ये सीमेवर जी प्रचंड जमवाजमव झाली, तिच्यात युद्ध झालेच नाही. तरीही सुरुंग पेरताना आणि काढताना, दारूगोळ्याच्या अपघातांत शेकडो सैनिक दगावले आणि अनेकांचे हातपाय गेले. सियाचीनवर १९८४ पासून आपली ठाणी आहेत आणि तिथे गोळीपेक्षा थंडीने, हिमकडे कोसळल्याने आणि विरळ हवेने अधिक माणसे नेली आहेत. हिमदंशाने बोटे गमावून गावी परतलेल्या जवानाला कोणत्या तारखेला बोलवायचे, याचे उत्तर आपल्या कॅलेंडरात नाही.

स्मारकांचेही असेच. दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुल्या झालेल्या राष्ट्रीय समर स्मारकाची रचना चार चक्रांची आहे, आणि त्यांतील त्याग चक्राच्या ग्रॅनाइटच्या भिंतींवर स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या पंचवीस हजारांहून अधिक सैनिकांची नावे एकेका विटेसारख्या फलकांवर कोरलेली आहेत. तिथे हुद्द्याची उतरंड जाणवत नाही, शिपायाचे नाव अधिकाऱ्याच्या नावाइतकेच मोठे आहे, आणि हे मला फार योग्य वाटते. मृतांना दगडात जागा देण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत देवळाच्या आवारात वीरगळ उभे असतात: खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरांनी स्वर्गाकडे नेलेला वीर, वरच्या चौकटीत शिवपूजा, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांचा स्मृतिस्तंभ आहे. पण लढाईत हात तुटून परत आलेल्या, पुढे तीस-चाळीस वर्षे गावात राहिलेल्या माणसाचा वीरगळ मी कोठे पाहिलेला नाही. दगड त्याच्या वाट्याला येत नाही. त्याच्या वाट्याला फाइल येते.

माझे एक चुलते, ज्यांना आम्ही घरात नाना म्हणत असू, १९७१ च्या युद्धात छांब भागात सुरुंगावर पाय पडून गुडघ्याखालचा डावा पाय गमावून आले होते. त्यांच्या शौर्याच्या गोष्टी मला सांगता येणार नाहीत, कारण त्यांनी त्या कधी सांगितल्या नाहीत. त्यांच्याकडून ऐकले ते सगळे पायाबद्दल. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात मिळालेला पाय काही वर्षांनी बदलावा लागतो, मांडीचा घेर वयाबरोबर कमी-जास्त होतो आणि मग पायाचे खोबण घासू लागते, उन्हाळ्यात घामाने कातडी सोलते, आणि भाताच्या खाचरात तो पाय घालून उतरता येत नाही. आमचा भाग पावसाचा. लावणीच्या दिवसांत नाना पाय काढून बांधावर ठेवीत आणि चिखलात बसून, हातांनी पुढे सरकत रोपे लावीत. मी शहरात शिकायला गेल्यावर एकदा त्यांना म्हणालो, "नाना, तुम्ही आता हे करू नका, मजूर लावा." त्यावर ते म्हणाले, "मजुराला पैसं देतो की, पण त्याच्यामागं नुसतं बांधावर बसून बघायचं, ते मला जमत न्हाई." शाळेत १६ डिसेंबरला त्यांना बोलावणे येई. ते जात, हार घालून घेत आणि कार्यक्रम संपण्याआधी उठत, कारण बराच वेळ खुर्चीत बसले की खोबणीतला भाग सुजे. ध्वजदिनाला त्यांना कधीही बोलावणे आल्याचे मला आठवत नाही. घरात मुलांनी आणलेला कागदी ध्वज मात्र ते आवर्जून विकत घेत.

युद्धातील जखमेला आपल्याकडे पदक आहे, हे अनेकांना माहीत नसते. १९७३ साली सुरू झालेले पराक्रम पदक, ज्याला सैन्यात सरळ वूंड मेडल म्हणतात, शत्रूच्या थेट कारवाईत जखमी झालेल्यांना दिले जाते. अमेरिकेत याच जातीचे पर्पल हार्ट हे पदक आहे आणि तिथे त्याला एक दिवसही मिळालेला आहे. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी ७ ऑगस्ट १७८२ रोजी सामान्य शिपायांसाठी जांभळ्या कापडाच्या हृदयाकृती बिल्ल्याचा आदेश काढला; तो बिल्ला पुढे विस्मृतीत गेला आणि वॉशिंग्टन यांच्या जन्माला दोनशे वर्षे झाली तेव्हा, २२ फेब्रुवारी १९३२ रोजी, पदकाच्या रूपाने परत आला. जखमी झालेल्याला आणि जखमेने मेलेल्याला तेच एक पदक मिळते. ७ ऑगस्टला तिथे सार्वजनिक सुटी नसते, पण अनेक राज्यांचे गव्हर्नर आणि शहरांचे महापौर त्या दिवशी घोषणापत्र काढून जखमींचे नाव घेतात. मृतांसाठी त्यांच्याकडे मे महिन्यातला शेवटचा सोमवार आहेच, आणि तो सलग सुट्ट्यांचा, घाऊक सवलतींचा आणि सहलींचा दिवस झाल्याची तक्रार तिथले माजी सैनिक दरवर्षी करतात. म्हणजे स्वतंत्र दिवस मिळाला की सगळे सुरळीत होते असे मुळीच नाही. मात्र ७ ऑगस्टची एक गोष्ट मला पटते: जखम हीच तिथे सन्मानाची कसोटी असते, युद्ध जिंकले की हरले याच्याशी तिचा संबंध नाही.

दोन्ही पदकांची एक मर्यादा सारखी आहे. थंडीने गेलेली बोटे अमेरिकी पदकाच्या नियमांत बसत नाहीत, आणि आपल्या पदकालाही शत्रूची थेट कारवाई लागते. पदकाची प्रतिष्ठा राखायची तर कोठेतरी रेघ ओढावी लागते, हे मला मान्य आहे. पण वर्षातला एक दिवस पाळताना तीच रेघ ओढण्याचे काही कारण नाही. सियाचीनवरचा हिमदंश आणि नियंत्रण रेषेवरचा छर्रा यांत पदकाने फरक करावा, गावाने करू नये.

जखमी सैनिकाचे पुढचे सगळे आयुष्य टक्क्यांत मोजले जाते. वैद्यकीय मंडळ अपंगत्वाची टक्केवारी ठरवते, आणि ते अपंगत्व लष्करी सेवेमुळे आले का, किंवा सेवेमुळे वाढले का, यावरही मत देते. किमान वीस टक्के अपंगत्व असल्याखेरीज अपंगत्वाचा भाग निवृत्तिवेतनात मिळत नाही. प्रत्यक्ष युद्धात किंवा अतिरेक्यांशी लढताना जखमी झालेल्यांची वर्गवारी वेगळी आणि त्यांचा दर अधिक, तर सेवेत असताना अपघाताने किंवा आजाराने अपंग झालेल्यांची वर्गवारी वेगळी. टक्केवारी मोजताना माणसामाणसांत फरक पडतो म्हणून १९९६ पासून एक पद्धत आली: पन्नासच्या आत असेल तर पन्नास धरायचे, पन्नास ते पंचाहत्तर असेल तर पंचाहत्तर, आणि त्यापुढे शंभर. पण हा लाभ सुरुवातीला फक्त वैद्यकीय कारणाने मुदतीआधी घरी पाठवलेल्यांना, सैनिकांच्या भाषेत ‘बोर्ड झालेल्यांना’, दिला गेला. जो जखमी सैनिक तशाच अवस्थेत, हलके काम घेऊन का होईना, आपली पूर्ण मुदत भरत राहिला, त्याला तो नाकारला गेला. म्हणजे ज्याने जखमेनंतरही नोकरी सोडली नाही, तोच तोट्यात आला. अशी माणसे लष्करी न्यायाधिकरणांत गेली, सरकार त्यांच्याविरुद्ध अपिलात गेले, आणि अखेर १० डिसेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारची अपिले फेटाळून हा लाभ दोघांनाही लागू असल्याचे सांगितले. त्या वर्षीचा ध्वजदिन तीनच दिवसांपूर्वी होऊन गेला होता. एकाच आठवड्यात एका हाताने ध्वज लावायचा आणि दुसऱ्या हाताने जखमींविरुद्धचे अपील चालवायचे, हे आपल्या राज्यव्यवस्थेला विसंगत वाटले नाही, आणि ज्यांनी ध्वज विकत घेतले त्या आपल्यालाही या अपिलांची वार्ता नव्हती.

सप्टेंबर २०२३ मध्ये नवे नियम आले आणि काही प्रकारच्या अपंगत्वासाठीच्या रकमेचे नाव व स्वरूप बदलले. निकषांचा गैरफायदा घेणारे असतात, विशेषतः वरच्या हुद्द्यांवर निवृत्तीच्या तोंडावर रक्तदाब-मधुमेह नोंदवून घेणारे असतात, असा सरकारी बाजूचा युक्तिवाद असतो. त्यात तथ्य नसेलच असे मी म्हणणार नाही. परंतु त्या चाळणीत सुरुंगावर पाय पडलेला शिपाई अडकू नये एवढी काळजी घेणे अवघड नसावे. मुंबईतही लष्करी न्यायाधिकरणाचे खंडपीठ आहे. तिथे न्याय मिळतो, पण खानदेशातल्या किंवा कोकणातल्या एखाद्या खेड्यातून एका पायाने मुंबईला तारखांना जाणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक.

या सगळ्यात पुण्याचे आणि खडकीचे स्थान फार मोठे आहे, आणि पुणेकरांनाही त्याची पुरेशी जाणीव नाही. पहिल्या महायुद्धातील अपंग हिंदी सैनिकांना उदरनिर्वाहाचे कसब शिकवण्यासाठी १९१७ मध्ये मुंबईत सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल संस्था पुढे खडकीला आली आणि शंभर वर्षांनंतरही तिथे अपंग सैनिक शिकत आहेत. पुण्यातले कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीतले. कण्याला इजा होऊन कमरेखाली किंवा मानेखाली लुळे पडलेल्या सैनिकांसाठी खडकीलाच पक्षाघात पुनर्वसन केंद्र आहे. तिथे येणारे सगळेच युद्धात जखमी झालेले नसतात. कोणाची गाडी डोंगरी रस्त्यावरून दरीत कोसळलेली असते, कोणी सुटीवर असताना पडलेले असते. तिथली माणसे पंचविशीत येतात आणि काही जण आयुष्यभर राहतात. व्हीलचेअरवरचा बास्केटबॉल, तोंडात कुंचला धरून काढलेली चित्रे, हाताने यंत्रावर विणलेल्या वस्तू यांविषयी अधूनमधून वर्तमानपत्रांत छापून येते. ध्वजदिन निधीतून या केंद्राला अनुदान जाते. आपण खिशाला लावलेल्या कागदाचा यापेक्षा थेट उपयोग मला दुसरा माहीत नाही, आणि तरीही शाळेत मुलांना ध्वज विकताना खडकीचे नाव सांगणारा शिक्षक विरळाच.

सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांची कथा आता बऱ्याच जणांना माहीत झाली आहे, तरी तिच्या तारखा सलग लावून पाहाव्यात. सैन्याच्या विद्युत व यांत्रिकी अभियंता दलात असलेला हा मुष्टियोद्धा १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली पंगू झाला. मुंबईच्या नौदल रुग्णालयात उपचार घेताना त्यांनी पोहायला सुरुवात केली, आणि १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पन्नास मीटर मुक्त शैलीत ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून पॅरालिम्पिकमधले भारताचे पहिले सुवर्णपदक जिंकले. पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडावे लागले. अर्जुन पुरस्कार, तोही जीवनगौरव म्हणून, जानेवारी २०२५ मध्ये मिळाला. पदक जिंकणाऱ्याला अर्धे शतक थांबावे लागत असेल, तर पदक न जिंकलेल्या जखमींचे काय, हा प्रश्न मी इथे नुसता नोंदवून ठेवतो. मुंबईत जन्मलेले मेजर जनरल इयान कार्डोझो यांचेही उदाहरण आहे. १९७१ मध्ये पाचव्या गुरखा रायफल्सबरोबर सिल्हेटच्या लढाईत सुरुंगाने चिरडलेला आपलाच पाय त्यांनी खुकरीने कापून टाकला, युद्धकैदी असलेल्या पाकिस्तानी शल्यविशारदाने त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली, आणि पुढे बटालियन व ब्रिगेडचे नेतृत्व करणारे ते भारतीय सैन्यातील पहिले अपंग अधिकारी ठरले. ही माणसे असामान्य आहेत. पण जखमी सैनिक म्हटले की समारंभांत नेहमी असामान्यांचीच उदाहरणे दिली जातात आणि त्यामुळे एक विचित्र अपेक्षा तयार होते: पाय गेला तर धावून दाखवावे, हात गेला तर चित्र काढून दाखवावे. ज्याने पाय गेल्यावर नुसती शेती केली, मुले वाढवली आणि दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला दिला, त्याचे जगणे सत्काराला पुरेसे मानले जात नाही.

भारतीय सैन्याने २०१८ हे वर्ष कर्तव्यावर अपंग झालेल्या सैनिकांचे वर्ष म्हणून जाहीर केले होते. मेळावे झाले, व्हीलचेअर व इतर साधने वाटली गेली, तक्रारी ऐकल्या गेल्या. वर्ष संपले तशी चर्चाही संपली. सरकारी पातळीवर काहीच होत नाही असेही नाही. निवृत्तिवेतन नसलेल्या, पासष्टीपुढच्या गरजू माजी सैनिकांना ध्वजदिन निधीतून मिळणारे दरमहा ४,००० रुपयांचे साहाय्य २०२५ मध्ये दुप्पट करून ८,००० रुपये करण्यात आले. मुलांच्या शिक्षणाचे आणि मुलीच्या लग्नाचे अनुदानही त्याच वेळी दुप्पट झाले. आपण दिलेल्या पैशाचे काय होते, याचे हे ठोस उत्तर आहे, आणि ते ध्वजाबरोबर छापून द्यायला काय हरकत आहे, हे मला समजत नाही.

जखमींसाठी आणखी एक वेगळा दिवस जाहीर करावा अशी मागणी कधी कधी ऐकू येते. माझा तिला पाठिंबा नाही. आपल्याकडे दिवसांची कमतरता नाही, आणि नवा दिवस म्हणजे नवे परिपत्रक, नवा अहवाल आणि त्याच शाली. ७ डिसेंबर मुळातच जखमींचा आणि कामी आलेल्यांच्या कुटुंबांचा आहे; तो त्यांना परत द्यावा एवढेच पुरे. प्रत्येक जिल्ह्याने त्या दिवशी संकलनाच्या आकड्याशेजारी खर्चाचा आकडाही जाहीर करावा, आणि सैनिकाची संमती असेल तिथे, कोणत्याही युद्धात किंवा मोहिमेत किंवा नुसत्या पहाऱ्यावर अपंग झालेल्या आपल्या जिल्ह्यातील माणसांची नावे, पोलीस २१ ऑक्टोबरला वाचतात तशी वाचावीत. संमतीची अट मी मुद्दाम घालतो. काहींना आपली जखम चारचौघांत सांगितलेली आवडत नाही, आणि मनावर झालेल्या जखमा असणाऱ्यांना तर नाव पुकारले जाणे हीच शिक्षा वाटू शकते. शिवाय त्या दिवशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने निवृत्तिवेतनाच्या अडकलेल्या प्रकरणांसाठी एक टेबल मांडावे, तिथे वकील आणि डॉक्टर बसवावेत, आणि तालुक्यातून येणाऱ्यांसाठी गाडी पाठवावी. शाल परत गेली तरी चालेल.

एक अगदी बारीक गोष्ट राहिली, पण ती मी गेल्या काही वर्षांत इतक्या ठिकाणी पाहिली आहे की लिहिल्यावाचून राहवत नाही. सैनिकांच्या सत्काराचे व्यासपीठ बहुतेक वेळा चार-पाच उंच लाकडी पायऱ्यांचे असते, पायऱ्यांना कठडा नसतो, आणि निवेदक नाव पुकारून झाल्यावर कृत्रिम पायाच्या माणसाला दोघे जण दंडाला धरून वर चढवतात. व्हीलचेअरवर आलेल्याचा सत्कार मग खालीच, छायाचित्रकारांच्या गर्दीत उरकला जातो. ध्वजदिनाचे परिपत्रक जिथून निघते, तिथून पुढच्या वर्षी त्यात एवढे एक वाक्य घालावे की व्यासपीठाला उतार असावा, नाहीतर सत्कार करणाऱ्या पाहुण्यांनीच खाली यावे.